पेशीला वजन कळते का?

२०२५ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचे अंतराळ स्थानकाकडे जाणारे उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे ढकलले जात होते. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि छत्रपती संभाजीनगरातल्या एका शाळेत नववीच्या मुलांशी गप्पा मारायला मी गेलो होतो. रॉकेट, इंधन, वेग असे नेहमीचे प्रश्न झाल्यावर एका मुलीने हात वर केला.

"सर, ते चौघे महिनाभर कोणाला भेटत नाहीत. घरच्यांशीसुद्धा काचेपलीकडून बोलतात. पण वर अंतराळात तर जंतूच नाहीत. मग इतके सोवळे कशासाठी?"

मी उत्तराची जुळवाजुळव करतो आहे तोवर मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला. "वजन नसले की रक्तातल्या पांढऱ्या पेशीपण तरंगतात का?" वर्ग हसला. बाईंनी मुलाकडे डोळे वटारून पाहिले. खरे तर हसण्यासारखे त्यात काही नव्हते. त्या मुलाने जे विचारले ते शोधण्यात जगातल्या कित्येक प्रयोगशाळांची चाळीस वर्षे गेली आहेत, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तरही दुसऱ्यातच दडलेले आहे.

आधी सोवळ्याची हकिगत. अपोलो मोहिमा सुरू झाल्या तेव्हा ही शिस्त नव्हती. १९६८ साली अपोलो ७ चे प्रमुख वॉली शिरा यांना उड्डाणाच्या पहिल्याच दिवशी सर्दीने गाठले. वजनरहित अवस्थेत नाकातला द्रव खाली ओघळत नाही, साचून राहतो. त्यामुळे साधी सर्दीही असह्य होते. १९७० साली अपोलो १३ च्या वेळी केन मॅटिंग्ली यांचा जर्मन गोवर झालेल्या सहकाऱ्याशी संपर्क आला म्हणून त्यांना ऐन वेळी उतरवले गेले. मॅटिंग्लींना गोवर झालाच नाही. पण जे गेले त्यांच्यापैकी फ्रेड हेझ यांना वाटेत मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि ते तापाने फणफणत परतले. अपोलो यानांतून एकूण २९ जण गेले. त्यांच्यापैकी १५ जणांना उड्डाणात किंवा परतल्यावर आठवड्याभरात कोणता ना कोणता संसर्ग झाल्याची नोंद आहे. निवडून घेतलेल्या, धडधाकट माणसांच्या मानाने हे प्रमाण फार झाले. १९७१ च्या अपोलो १४ पासून उड्डाणाआधी तीन आठवडे अंतराळवीरांना इतरांपासून दूर ठेवण्याची प्रथा पडली, ती आजतागायत या ना त्या स्वरूपात चालू आहे.

पण जंतू बाहेरूनच यावे लागतात असे नाही. कांजिण्या आपल्या परिचयाच्या आहेत. मूल बरे होते, खपल्या पडतात, आपण विसरून जातो. विषाणू मात्र शरीर सोडून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी तो वर्षानुवर्षे दडून बसतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती खालावली की नागीण होऊन बाहेर पडतो. एरवी त्याला दाबून ठेवणारे पहारेकरी जागे असतात, एवढेच. ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रातील सतीश मेहता, डुएन पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतराळवीरांची लाळ आणि लघवी वर्षानुवर्षे तपासली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, स्पेस शटलच्या छोट्या फेऱ्यांतील ८९ पैकी ४७ जणांच्या, आणि स्थानकावर दीर्घकाळ राहिलेल्या २३ पैकी १४ जणांच्या नमुन्यांत या कुळातले विषाणू पुन्हा जागे झालेले आढळले. बहुतेकांना पुरळ आले नाही, दुखले-खुपलेही नाही. पण पहारा ढिला पडला होता हे उघड झाले. त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे, की जंतू वर नसतात, आपण त्यांना सोबत घेऊन जातो.

आता हे पहारेकरी कोण? घाटीतल्या किंवा गल्लीतल्या पॅथॉलॉजीतल्या रक्ततपासणीचा कागद मुलांना वर्गात आणायला सांगा. त्यावर 'लिम्फोसाइट' असा शब्द आणि पुढे साधारण वीस ते चाळीस टक्क्यांच्या दरम्यानचा आकडा दिसेल. मराठीत आपण त्यांना लसिका पेशी म्हणतो. व्यास अवघा सात ते दहा मायक्रॉन, म्हणजे शंभर-सव्वाशे पेशी एका रांगेत ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. यांच्यातल्याच टी-पेशी एरवी स्वस्थ असतात. ओळखीचा शत्रू दिसला की त्या जाग्या होतात, फुगतात, भराभर विभागतात आणि एकीच्या हजारो होतात. या जागे होण्याला सक्रियण म्हणतात. विषाणूंवरचा पहारा म्हणजे मुख्यतः हेच काम.

अंतराळवीराच्या टी-पेशी मंदावल्या तर दोष कोणाला द्यायचा? तिथे एकच गोष्ट बदललेली नसते. झोप अपुरी, यंत्रांची घरघर सतत कानांत, हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त, बाहेरून किरणोत्सर्ग, मनावर ताण. आणि ताण आला की रक्तात कॉर्टिसोल वाढते, ज्याने प्रतिकारशक्ती दबते हे जमिनीवरही माहीत आहे. परीक्षेच्या दिवसांत मुले आजारी पडतात, तसे हेही असेल. वजन नसण्याचा यात काही हात आहे का, हे माणसाच्या शरीराकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी पेशी शरीराबाहेर काढायला हव्यात. काचेच्या कुपीतल्या पेशीला झोपही नसते आणि घरची आठवणही येत नाही.

पुढे जाण्यापूर्वी वजनरहित अवस्थेबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शिक्षकांच्या तोंडूनही ऐकू येतो. "तिथे गुरुत्वाकर्षण नसते" हे विधान चूक आहे. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून व्यस्त वर्गाचा नियम लावा: ६३७१ ला ६७७१ ने भागून वर्ग केला की ०.८८५ येतात. म्हणजे जमिनीवरच्या आकर्षणाचा सुमारे ८८ टक्के भाग तिथेही आहेच. वजन जाणवत नाही ते स्थानक, माणसे, कुप्या आणि कुप्यांतला द्रव हे सगळे एकत्र, सारख्याच त्वरणाने पृथ्वीकडे सतत पडत असतात म्हणून. पुढे धावण्याचा वेग इतका असतो की पडता पडता पृथ्वीची वक्रता त्यांच्याखालून निसटत राहते. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडा, पाणी भरा, धार वाहू द्या आणि बाटली पहिल्या मजल्यावरून सोडून द्या. खाली आदळेपर्यंत धार थांबलेली दिसेल. पाच मीटर उंचीवरून पडायला एक सेकंद लागतो. तेवढा वेळ त्या बाटलीत अंतराळ स्थानक असते. (खाली कोणी उभे नाही ना, हे आधी पाहावे.) शास्त्रज्ञ या अवस्थेला सूक्ष्मगुरुत्व म्हणतात, कारण बारीकसारीक धक्क्यांमुळे ते अगदी शून्य कधीच नसते.

झुरिकच्या तंत्रविज्ञान संस्थेतील ऑगस्तो कोगोली यांनी मानवी लसिका पेशी अशा कुप्यांत घालून १९८३ साली 'स्पेसलॅब-१' या प्रयोगशाळेतून कोलंबिया यानाबरोबर पाठवल्या. पेशींना जागे करायला खरा रोगजंतू वापरायची गरज नसते. कॉनकॅनॅव्हॅलिन ए नावाचे एक प्रथिन टी-पेशींना लावले की त्या शत्रू आल्यासारख्या विभागू लागतात. हे प्रथिन मिळते ते आपल्या अबईच्या शेंगांच्या भाईबंद असलेल्या एका शेंगेच्या बियांतून, हे वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना सांगायला आवडेल. पेशी किती जाग्या झाल्या हे मोजण्याची युक्तीही सोपी आहे. पेशी विभागायची तर तिला नवे डीएनए तयार करावे लागते आणि त्यासाठी थायमिडीन लागते. किंचित किरणोत्सर्गी केलेले थायमिडीन द्रवात सोडायचे. जितके पेशींत शिरेल तितके विभाजन.

सुमारे तीन दिवसांनी मोजमाप झाले. जमिनीवर ठेवलेल्या जुळ्या कुप्यांच्या तुलनेत अंतराळातल्या पेशींनी घेतलेले थायमिडीन शेकडा तीनहूनही कमी होते. पेशी मेल्या नव्हत्या. पण त्या उठल्याच नव्हत्या.

१९८४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एवढा मोठा परिणाम कोणी अपेक्षिला नव्हता. मात्र वर्गात हा प्रयोग सांगताना इथे थांबावे आणि मुलांना विचारावे, की तुम्हाला हे पटले का? चांगला विद्यार्थी म्हणेल, नाही. वर गेलेल्या कुप्यांनी उड्डाणाचे हादरे खाल्ले, त्यांच्यावर अवकाशातले किरण पडले, त्यांची उबवणपेटी वेगळी होती. जमिनीवरच्या कुप्यांनी यातले काहीच भोगले नाही. दोन संचांत एकच फरक असला पाहिजे, हा सातवी-आठवीत शिकवला जाणारा नियम इथे मोडला आहे.

कोगोलींना हे माहीत होतेच. १९८५ च्या 'डी-१' या मोहिमेत त्यांनी कुप्यांचे दोन संच वरच नेले आणि त्यांतला एक तिथल्या छोट्या अपकेंद्र यंत्रात फिरवत ठेवला. गोल फिरणाऱ्या पाळण्यात आपण बाहेरच्या बाजूला दाबले जातो. तसा या पेशींवर जमिनीवरच्या वजनाइतकाच दाब आला. हादरे तेच, किरण तेच, पेटी तीच. फरक फक्त वजनाचा. फिरणाऱ्या कुप्यांतल्या पेशी जाग्या झाल्या, न फिरणाऱ्या झाल्या नाहीत. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग कोणता असे कोणी विचारले, तर मी १९८३ च्या नव्हे, १९८५ च्या प्रयोगाचे नाव घेईन. पहिल्या प्रयोगाची बातमी झाली, दुसऱ्यामुळे ती खरी ठरली.

असा दुसरा संच प्रत्येक वेळी वर नेता येत नाही. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही सी-६० रॉकेटचा चौथा टप्पा 'पोएम-४' या नावाने कक्षेत प्रयोगमंच म्हणून वापरला गेला. त्यावर पनवेलजवळच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींचा गोळा, म्हणजे ज्याला वनस्पतिशास्त्रात कॅलस म्हणतात तो, पाठवला होता. त्याच वेळी तसाच जुळा संच विद्यापीठात जमिनीवर ठेवला होता. पालकाच्या पेशी आणि टी-पेशी यांचा थेट संबंध नाही; पण जुळा संच कशासाठी लागतो, आणि तो जमिनीवर असला तर कोणती शंका शिल्लक राहते, हे समजायला ही जोडी उत्तम आहे.

मूळ प्रश्नाकडे येऊ. वजन गेले की टी-पेशी जागी होत नाही, हे ठरले. पण म्हणजे तिला वजन कळते का? भौतिकशास्त्रज्ञ म्हणाले, शक्यच नाही. त्यांचे गणित अकरावी-बारावीच्या मुलांनाही करता येते. आठ मायक्रॉन व्यासाची गोल पेशी घ्या. ती पाण्यापेक्षा साडेसहा टक्क्यांनी जड धरा. पाण्याचे उद्धरण वजा केले की तिचे उरलेले वजन येते सुमारे ०.१७ पिकोन्यूटन. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनच्या दशलक्षांश भागाचाही दशलक्षांश भाग. आपल्या स्नायूंमध्ये ओढण्याचे काम करणाऱ्या मायोसिन प्रथिनाचा एकच रेणू एका झटक्यात काही पिकोन्यूटन बल लावतो. म्हणजे अख्ख्या पेशीचे द्रवातले वजन तिच्या आतल्या एका रेणूच्या ओढीपेक्षाही कमी! वनस्पतीच्या मुळांच्या टोकाशी पिष्टाचे जड कण असतात. ते पेशीच्या तळाशी बसतात आणि मुळाला खाली कुठे हे कळते. टी-पेशीत असे वजनमाप कुठेच नाही.

मग दुसरी शक्यता अशी, की पेशीला वजन कळत नसेल, पण वजनामुळे तिच्या भोवतालची परिस्थिती बदलत असेल. जायकवाडीचे पाणी कित्येक दिवसांआड येते म्हणून ते टाकीत, पिंपात साठवून ठेवायची सवय असलेल्या आमच्या गावाला गाळ तळाशी बसतो हे शिकवावे लागत नाही. कुपीतल्या पेशींचेही तेच होते. स्टोक्सचा नियम लावा: त्रिज्येचा वर्ग, गुणिले घनतेतील फरक, गुणिले g, गुणिले दोन-नवमांश, भागिले श्यानता. वरच्याच पेशीसाठी वेग येतो सेकंदाला सुमारे दोन मायक्रॉन. पाच मिलिमीटर खोल द्रवात सगळ्या पेशी पाऊण तासाच्या आत तळाला जातात. तिथे त्यांची दाटी होते, त्या एकमेकींना टेकतात, तळाला चिकटतात. टी-पेशीला जागे व्हायला नुसते कॉनकॅनॅव्हॅलिन पुरत नाही. मोनोसाइट नावाच्या मदतनीस पेशीचा स्पर्श लागतो. अंतराळात गाळ बसत नाही. पेशी द्रवभर विखुरलेल्या राहतात. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले तसे, कुपीत तरी त्या खरोखरच तरंगतात. मग भेटच न झाल्यामुळे त्या झोपून राहिल्या असतील का?

(रक्तवाहिनीतली गोष्ट वेगळी. तिथे हृदय रक्ताला सतत ढकलत असल्यामुळे जमिनीवरही गाळ बसायला वाव नसतो. कुपीतला निष्कर्ष शरीराला जसाच्या तसा लावू नये, याचे हे एक कारण.)

ही शंका तपासायला १९९१ च्या जूनमध्ये एसएलएस-१ या उड्डाणात एक सुंदर बदल केला गेला. द्रवात अतिसूक्ष्म मणी टाकले आणि पेशींना त्यांवर चिकटू दिले. आता तळ नसला तरी टेकायला जागा होती आणि शेजारीही होते. निकाल उलटा लागला. मण्यांवरच्या पेशी अंतराळात नुसत्या जाग्या झाल्या नाहीत, तर जमिनीवरच्यांपेक्षा अधिक जोमाने जाग्या झाल्या. याच उड्डाणात मिली ह्यूज-फुलफर्ड नावाची संशोधिका प्रवासी म्हणून होती. पुढची तीस वर्षे, २०२१ साली मृत्यू येईपर्यंत, ती याच कोड्याच्या मागे होती.

तर मग सगळा दोष भेट न होण्याचा? तसेही नाही. १९९४ साली आयएमएल-२ मोहिमेत सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा मोकळ्या द्रवातल्या लसिका पेशी स्वतःहून हालचाल करताना, एकमेकींना भेटतानाही दिसल्या. भेट होते, तरी जाग येत नाही. संशोधनात असे होते. एक दार बंद झाले म्हणून समोरचे उघडते असे नाही.

इथे थोडे थांबून शाळेत करण्यासारखा प्रयोग सांगतो, कारण अंतराळात न जाता या प्रश्नाचा अभ्यास कसा करतात हे त्यातून कळेल. वनस्पतीच्या धड्यात क्लिनोस्टॅटचे चित्र असते. त्यात रोप आडव्या आसाभोवती सावकाश फिरत राहते. खाली कोणती बाजू हे मुळाला ठरवायला वेळच मिळत नाही आणि मूळ वळत नाही. मोठ्या काट्यांचे जुने भिंतीवरचे घड्याळ घ्या, काच काढा, काटे काढा. मिनिटकाट्याच्या आसावर बाटलीचे हलके झाकण बसवा. त्यात ओला कापूस आणि मोड आलेले चार मूग समोरासमोर, मुळे बाहेरच्या बाजूला करून ठेवा. कापूस रोज ओला करावा लागेल. वजन चारी बाजूंना सारखे हवे. आम्ही त्या शाळेत पहिल्यांदा केला तेव्हा कापूस जड झाला आणि रात्रीतून घड्याळ बंद पडले; सकाळी चारही मुळे निमूटपणे खाली वळलेली. मग थोडासाच कापूस, पातळ पसरून.

पण असे एक घड्याळ पुरत नाही. एक झाकण भिंतीवर न फिरणारे हवे, हे मुले स्वतः सांगतात. तिसरे कोणते, हे सहसा कोणाला सुचत नाही. तिसरे घड्याळ टेबलावर उताणे ठेवायचे. तेही फिरते, तितकेच फिरते. पण त्याचा आस उभा असल्यामुळे मुळांसाठी खालची दिशा बदलत नाही. त्यातली मुळे खाली वळतात. म्हणजे नुसत्या फिरण्याने काही होत नाही, हे सिद्ध होते. १९८५ सालच्या अपकेंद्र यंत्राचे जे काम, तेच टेबलावरच्या या उताण्या घड्याळाचे.

टी-पेशींसाठी याचीच सुधारलेली यंत्रे आहेत. एकात कुपी दोन आसांभोवती वाटेल तशी उलटसुलट फिरत राहते. दुसऱ्यात द्रवाने काठोकाठ भरलेले भांडे आडवे फिरते आणि पेशी तळाला न बसता घिरट्या घालत राहतात. या यंत्रांत वजन नाहीसे होत नाही, त्याची दिशा तेवढी सतत बदलत राहते. तरीही टी-पेशींच्या बाबतीत अंतराळातले आणि यंत्रातले निष्कर्ष बऱ्याच अंशी जुळले. त्यामुळे पुढचे पुष्कळ काम जमिनीवर होऊ शकले. एका उड्डाणासाठी वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या संशोधकांना ही केवढी सोय!

दरम्यान पेशीच्या आत डोकावण्याची साधने आली. २००६ साली ह्यूज-फुलफर्ड यांच्या गटाने मानवी टी-पेशी अंतराळ स्थानकावर पाठवल्या. सोबत वरच फिरणारा संचही होता. पेशींना जागे करून दीड तासातच काम थांबवले आणि कोणती जनुके चालू झाली ते पाहिले. जागे होण्याच्या अगदी पहिल्या पायरीवर जी जनुके चालू व्हायला हवीत, त्यांतली कित्येक वजनरहित पेशींत गप्प होती, आणि त्यांतली बरीचशी एनएफ-कप्पा-बी नावाच्या एकाच कळीच्या प्रथिनाच्या हुकमातली होती. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. घंटा वाजवली जाते, पण घंटेची दोरी मधेच कुठेतरी सैल झाली आहे, असे काहीसे हे चित्र.

ही दोरी कोणती? आज बहुतेकांचे बोट जाते ते पेशीच्या सांगाड्याकडे. पेशी म्हणजे पाण्याचा फुगा नव्हे. तिच्या आत प्रथिनांच्या दोऱ्या आणि नळ्या ताणून बांधलेल्या असतात, तंबूच्या दोरखंडांसारख्या. पेशी कशाला टेकली आहे, किती दाबली-ओढली जाते आहे, हे त्या ताणातून केंद्रकापर्यंत पोचते. मण्यांवर चिकटलेल्या पेशी का जाग्या झाल्या, याचाही काही उलगडा यातून होतो: टेकलेल्या पेशीच्या दोऱ्या ताणलेल्या राहतात. २०२४ साली अमेरिकेतील बक संस्थेच्या गटाने २० ते ४६ वर्षांच्या २७ निरोगी व्यक्तींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी २५ तास फिरत्या भांड्यात ठेवून एकेका पेशीतील जनुकांचा पट मांडला. सांगाड्याशी संबंधित जनुकांत बदल होता, आणि हेच बदल खऱ्या उड्डाणातून परतलेल्यांच्या रक्ताशी ताडून पाहिले तेव्हा बरेचसे जुळले. हे बदल उलटवू शकतील अशा रेणूंचा शोध घेताना क्वेर्सेटिन हे नाव पुढे आले. ते लाल कांद्यात असते. वैजापूर-लासूरच्या कांदा उत्पादकांना आनंद होईल, पण वर्गात हे सांगताना जपून. कुपीतल्या पेशींवर थेट टाकलेले क्वेर्सेटिन आणि भाकरीबरोबर खाल्लेला कांदा यांत फार अंतर आहे. अशा बातम्यांचे 'कांदा खा, अंतराळात जा' व्हायला वेळ लागत नाही.

चित्र सगळेच निराशेचे आहे असेही नाही. झुरिकच्याच ओलिव्हर उलरिच यांच्या गटाने भक्षक पेशींवर प्रयोग केले. या पेशी जंतूला गिळतात आणि त्यावर ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात. उंदरांच्या फुफ्फुसांतल्या अशा पेशी त्यांनी अंतराळ स्थानकावर पाठवल्या. वजन जाताच त्यांचे काम बिघडले. आणि अवघ्या ४२ सेकंदांत पुन्हा मूळपदावर आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा आकडा वाचून मी तो दोनदा तपासला होता. कोट्यवधी वर्षांत जी परिस्थिती कोणत्याही सजीवाने अनुभवली नाही, तिच्याशी जुळवून घ्यायला एका पेशीला मिनिटही लागू नये! प्रतिकारशक्तीच्या सगळ्या पेशी वजन गेल्यावर सारख्याच वागत नाहीत, हे या निष्कर्षाने दाखवले. म्हणून 'अंतराळात प्रतिकारशक्ती कमी होते' हे सरसकट वाक्य पाठ्यपुस्तकात लिहिताना हात आखडावा.

गगनयानाची तयारी चालू आहे. चार-आठ दिवसांच्या फेरीत ढिला पडलेला पहारा फारसा जाणवणार नाही. मंगळाच्या वाटेवर महिनोन्‌महिने नागीण अंगावर घेऊन कोणी बसले तर ते निभावणार नाही. आणि हा प्रश्न फक्त अंतराळवीरांचा नाही. म्हातारपणी टी-पेशी अशाच उशिरा जाग्या होतात, लस घेतली तरी प्रतिसाद मंद येतो, दडलेली नागीण बाहेर येते. ज्या दोरीचा शोध अंतराळात चालला आहे, तीच दोरी आपल्या आजी-आजोबांच्या शरीरातही सैल पडत असेल का, हे पाहण्यासाठी वजनरहित पेशी हे एक वेगवान नमुनारूप ठरू शकते. वर्षांनुवर्षे घडणारे बदल तिथे काही दिवसांत दिसतात.

त्या शाळेत मी पुन्हा गेलो तेव्हा तिन्ही घड्याळे नीट चालू होती. भिंतीवरच्या फिरत्या झाकणातली मुळे सरळ बाहेर आलेली, उताण्यातली खाली वळलेली. सोवळ्याचा प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ दोन्हींकडे पाहत होती. मग म्हणाली, "सर, हे एक उभे आणि एक आडवे झाले. पण चंद्रावर तर वजन एक-षष्ठांश असते. तेवढ्यावर पेशी जागी होईल का? ते कसे बघायचे?"

मी फळ्यावर घड्याळाची आकृती काढली. आस आडवा असेल तर फिरत्या झाकणाला कोणतीच एक दिशा खालची म्हणून मिळत नाही. उभा असेल तर पूर्ण वजन मिळते. मधे कललेला असेल तर आसाच्या दिशेने g गुणिले कलाच्या कोनाची साइन, एवढे उरते. साइनची किंमत एक-षष्ठांश हवी. वर्गात एकाने लॉगच्या पुस्तकात पाहून सांगितले, साडेनऊ अंशांच्या जरा वर. मंगळासाठी बावीस.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सुताराकडून लाकडाच्या दोन पाचरी करून आणल्या.